डी-ट्यूना लावण्याआधी ब्रिज टेकव

फ्लॉइड रोझ ब्रिजच्या (म्हणजे दांडीने हलवून सूर चढवता-उतरवता येणाऱ्या ब्रिजच्या) गिटारवर डी-ट्यूना, म्हणजे जाड ई तार झटकन डीवर उतरवणारं छोटं यंत्र, बसवायचं म्हणतोयस, तर आधी ब्रिजची दांडी हलकी वर खेचून बघ. त्याने सूर चढत असेल, तर ब्रिज तरंगता आहे, म्हणजे बॉडीवर न टेकता तारा आणि मागच्या स्प्रिंग यांच्या ताणावर तोललेला, आणि तिथेच घोळ होतो.

जाड ई तार डीवर उतरवली की तिचा ताण सुमारे 20 टक्के कमी होतो. मागच्या स्प्रिंग लगेच ब्रिज ओढून घेतात आणि बाकीच्या पाचही तारा चढतात. मी पहिल्यांदा लावला तेव्हा डी अगदी सुरात, पण कॉर्ड (एकत्र सूर) वाजवली तर सगळं बेसूर! दोष यंत्राचा समजून परत करायला निघालो होतो.

डी-ट्यूना वापरणारा प्रसिद्ध रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन, त्याचा ब्रिज बॉडीवर टेकलेला असायचा, म्हणून त्याला ही अडचण आली नाही. तूही मागचं झाकण काढून स्प्रिंगचे स्क्रू आवळ, किंवा ब्रिजखालचा धातूचा ठोकळा आणि बॉडीतल्या खाचेची भिंत यांच्यामध्ये लाकडाचा नीट मापाचा तुकडा बसव. मग दांडी फक्त खाली दाबता येईल. वर खेचणं गेलं, एवढी किंमत मोजायचीच.

सूर लावताना डी-ट्यूना आत ढकलून ई फाइन ट्यूनरने (ब्रिजवरच्या सूर बारीक जुळवायच्या स्क्रूने) लाव, बाहेर ओढून डी त्याच्यावरच्या बारीक ॲलन स्क्रूने. एक हलवला की दुसरा जरा सरकतो, त्यामुळे दोन-तीन फेऱ्या होतात. त्या स्क्रूची ॲलन की (षटकोनी चावी) मात्र गिटारच्या पिशवीतच ठेव.