चर्चेला गुण द्यायचे ते कशाचे?

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका वरिष्ठ महाविद्यालयात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवते. अभ्यासक्रमाचा काही भाग आम्ही मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीवर घेतो आणि तेथील चर्चेतील सहभागासाठी अंतर्गत मूल्यमापनात १० गुण आहेत. प्रत्येक नोंदीला २ गुण आणि ५ नोंदींना पूर्ण गुण, असा नियम मी केला होता. गेल्या सत्रात ‘सहमत आहे’, ‘छान मुद्दा’ एवढेच पाच वेळा लिहिणाऱ्यांना १० गुण मिळाले. आणि खाडीपलीकडच्या गावातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीला, जिच्या एकाच नोंदीने सगळा वर्ग विचारात पडला, २ गुण द्यावे लागले. पावसात वीज गेली की तिच्या गावातली रेंजही जाते. न्याय्य गुण कसे द्यावेत? तिची नोंद सोबत पाठवत आहे.
— एक प्राध्यापिका

उत्तर : ती नोंद आपण पाठवलीत हे फार बरे केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे. विषय होता १ जून ते ३१ जुलै या काळातील मासेमारीबंदीचा. एका विद्यार्थ्याने लिहिले होते की या दिवसांत माशांची पैदास होते, पुढे मासळी वाढते, म्हणून बंदी मच्छीमारांच्याच फायद्याची आहे. त्यावर ती लिहिते : ‘जूनमध्ये ज्याची मिळकत थांबते, त्यालाच ऑगस्टमध्ये वाढलेली मासळी मिळते का? ट्रॉलर १ ऑगस्टला निघतात. आमची होडी नारळी पौर्णिमा होईपर्यंत शाकारलेलीच असते.’ तिने आधी दुसऱ्याचे म्हणणे नीट वाचले, त्यातला ‘मच्छीमार’ हा एकच शब्द धरला आणि त्या शब्दाआड खर्च सोसणारा एक व लाभ घेणारा दुसरा असू शकतो, हे घरच्या अनुभवावरून दाखवून दिले. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला वर्षभर शिकवून जे साधायचे असते, ते या तीन वाक्यांत आहे.

इतर विद्यार्थ्यांना मात्र दोष देता येणार नाही. आपण ५ नोंदी मागितल्या, त्यांनी ५ नोंदी दिल्या. मोजणी बदला, म्हणजे लिहिणेही बदलेल. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या कॅनडातील अभ्यासकांनी २००० साली ऑनलाइन चर्चेविषयी जी मांडणी केली, तिच्यात विचाराच्या चार पायऱ्या येतात : प्रश्न पडणे, मते व माहिती गोळा करणे, त्यांची सांगड घालणे आणि निष्कर्ष तपासून पाहणे. वर्गातल्या बहुतेक चर्चा दुसऱ्या पायरीवरच थांबतात. प्रत्येक जण आपले मत ठेवून निघून जातो. म्हणून माझे मत असे आहे की प्रत्येक नोंद १० पैकी तपासावी, नुसत्या संमतीला गुण देऊ नयेत, आधार नसलेल्या मताला ३ पर्यंत आणि आधार दिलेल्या मताला ६ पर्यंत गुण द्यावेत, आणि ७ आणि त्यापुढचे गुण दुसऱ्याचे म्हणणे हाती घेऊन ते पुढे नेणाऱ्यासाठीच राखून ठेवावेत. हे सत्राच्या पहिल्याच आठवड्यात लेखी सांगावे.

मूडलमध्ये चर्चेचे गुण एकत्र करण्याच्या पद्धती निवडता येतात. मोजणी किंवा बेरीज निवडली की संख्येलाच महत्त्व येते. सरासरी निवडली तर सहज विचारलेली छोटी शंकासुद्धा विद्यार्थ्याचे गुण खाली ओढते आणि मुले शंका विचारणेच सोडून देतात. सर्वोच्च गुण ही पद्धत निवडा. एक उत्तम नोंद पुरेशी ठरेल. नक्कल टाळण्यासाठी चर्चेचा प्रश्नोत्तर प्रकार घेता येतो, ज्यात स्वतःची नोंद टाकल्याशिवाय इतरांच्या नोंदी दिसत नाहीत. परंतु नोंद टाकल्यावरही संपादनाची मुदत, जी सहसा अर्ध्या तासाची असते, संपेपर्यंत थांबावे लागते. जिची रेंज दहा मिनिटांची पाहुणी आहे, तिच्यासाठी हा अर्धा तास फार मोठा आहे. पावसाळी सत्रात तो प्रकार मी टाळेन.

रेंजचा प्रश्न खरा आहे आणि त्याची किंमत विद्यार्थिनीने मोजू नये. चर्चा दोन दिवसांऐवजी दहा दिवस खुली ठेवा. महाविद्यालयाने मूडलच्या मोबाइल अ‍ॅपची सोय सुरू ठेवली असेल, तर रेंज नसतानाही त्यात उत्तर लिहून ठेवता येते आणि रेंज आल्यावर ते पाठवले जाते. तेही न जमल्यास कागदावर लिहून आणलेली नोंद संगणक कक्षातून टाकू द्यावी. शुद्धलेखनासाठी चर्चेत गुण कापू नयेत. त्यासाठी लेखी परीक्षा आहे.

गेल्या सत्राचा नियम आधीच जाहीर झालेला असल्यामुळे आता मागे जाऊन गुण बदलणे इतरांवर अन्यायाचे होईल. नव्या सत्राच्या पहिल्या तासाला मात्र तिच्या परवानगीने, नाव न लिहिता, तिची नोंद आणि एक ‘सहमत आहे’ अशी नोंद शेजारी शेजारी फळ्यावर लिहा. दोन्हींना विद्यार्थ्यांनाच गुण देऊ द्या आणि ते जी कारणे सांगतील, ती त्याच फळ्यावर खाली लिहीत जा.