उडता झाडू करायचाय? आधी वावरात जा

ताई, मुलीच्या खोलीत छताखाली, आत्ताच उडत निघालाय असं वाटणारा झाडू तुम्हाला हवाय. त्यासाठी पीव्हीसी पाईपला विकतचा खराटा बांधला तर चालेल का, असं विचारलंय. बांधता येईल, पण तो खराटाच दिसेल. उडण्याचा भास शेपटाच्या आकारातून आणि टांगताना दिलेल्या कलातून येतो. हिरांचा खराटा टोकाकडे पसरत जातो, आपल्याला नेमकं उलटं हवं: बांधाजवळ, म्हणजे काड्या दांड्याला आवळतो तिथे, फुगीर आणि टोकाला निमुळतं.

युरोपात असे झाडू बर्चच्या डहाळ्यांचे बांधतात. तुम्ही धरणगावकडच्या, म्हणजे तुमच्या शिवारात तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) आणि पऱ्हाट्या (कापसाच्या) भरपूर. वेचणी आटोपून रान मोकळं होतं तेव्हा शेतकऱ्याला विचारून दोन पेंढ्या आणा. पऱ्हाटीवरची कवडी, म्हणजे नीट न उमललेली किडकी बोंडं मात्र शेतातच तोडून नष्ट करा. गुलाबी बोंडअळी त्यांत दडून राहते. ती घरात नको आणि पुढच्या हंगामात शेजारच्या वावरातही नको.

दांड्याला साधारण चार फुटांची, नैसर्गिक बाक असलेली बोरीची किंवा कडुनिंबाची फांदी शोधा. सरळ काठी वाकवत बसण्यापेक्षा शेताच्या बांधावर फिरून वाकडी शोधलेली केव्हाही बरी. साल ओली असतानाच काढा, वाळल्यावर चिवटपणे धरून बसते. गाठी ठेवा, शोभा त्यांचीच आहे. दोन्ही टोकांना फेव्हिकॉल फासून फांदी सावलीतच वाळू द्या. आपल्या उन्हात ओलं लाकूड ठेवलं की टोकांपासून चिरा पडतात.

आता शेपूट, सगळा वेळ इथेच द्या. आतल्या थराला तुराटीचे शेंडे घ्या, वरच्या थरापेक्षा वीतभर आखूड. जाड बुडखे दांड्याकडे ठेवून सेंटरिंगच्या (बांधकामात सळ्या बांधायच्या) तारेने बांधा आणि पकडीने पीळ द्या. वरच्या थराला पऱ्हाटीच्या बारीक फांद्या. त्या रात्रभर पाण्यात भिजवून ठेवा, नाहीतर वाकताना तडकन मोडतात. आधी त्या उलट्या धरायच्या: शेंडे मुठीकडे, बुडखे तारेखाली. घट्ट बांधून झालं की एकेक फांदी मागे वळवून शेपटावर घ्यायची. तार आपोआप झाकली जाते आणि बांधाशी हवा तो फुगवटा येतो. मग पहिल्या बांधापासून शेपटाच्या एक तृतीयांश अंतरावर दुसरा बांध घाला. सगळं ओलं असतानाच सुतळीने आवळून आठवडाभर ठेवा, वाळल्यावर आकार पक्का होतो. शेवटी कात्रीने एका रेषेत छाटू नका. काही काड्या लांब, काही आखूड राहू द्या.

बाहेर दिसणाऱ्या या दुसऱ्या बांधासाठी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची जुनी तार किलोवर मिळते. पॉलिश पेपरने घासून वेढे अगदी एकमेकांना चिकटून घाला. सोनेरी रंग मारण्यापेक्षा हे शंभर पटीने देखणं दिसतं. हॉट ग्लूच्या भरवशावर काहीही सोडू नका, मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत तो मऊ पडतो. दांड्याला जवसाचं तेल दोन-तीनदा चोळा. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्यावर पसरून वाळवा, मगच फेका.

टांगण्याआधी झाडू बोटावर तोलून समतोलाची जागा शोधा. ती शेपटाकडे सरकलेली असेल. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक तंगूस (नायलॉनची पारदर्शक दोरी) बांधा, पुढची आखूड, म्हणजे तोंड थोडं वर राहतं. दोन्ही दोऱ्या एकाच हुकाला अडकवल्या तर पंख्याच्या वाऱ्याने झाडू गोल फिरत राहील, म्हणून दोन फुटांच्या अंतराने दोन हुक घ्या. हुक स्लॅबमध्ये फास्टनर ठोकूनच बसवा, पीओपीवर भरवसा नको. पंख्याच्या पात्यांपासून भरपूर लांब, आणि मुलीच्या पलंगाच्या थेट वर तर नकोच.

सासूबाईंची हरकत तुम्ही लिहिली आहे, ती मला पटते. लक्ष्मीपूजनाला आपण जिची पूजा करतो ती केरसुणी शोभेसाठी टांगणं त्यांना खटकणारच. म्हणूनच शिंदीची केरसुणी सोडून देऊन नव्या काड्यांपासून बांधा. त्यांना शेजारी बसवा. आवळून बांधण्याचा त्यांचा हात तुमच्या-माझ्यापेक्षा पक्का असेल.

पहिला बांध झाला की जवळून फोटो टाका. तार कुठे ढिली आहे ते तेव्हाच सांगता येईल, वरचा थर वळवल्यावर नाही.