नाशिकला राहून वानखेडेचं सीझन तिकीट काढणं परवडेल का?

नाही.

तुम्ही विचारलंय की नाशिकला नोकरी आहे, क्रिकेटचं वेड आहे, तर आयपीएलमधल्या मुंबईच्या घरच्या सातही सामन्यांचं तिकीट एकदम काढलं तर सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडेल का. कागदावर पडेलही. पण असा कागदावरचा हिशेब करणारा एक गृहस्थ माझ्या नात्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे साडू चिंचवडला राहतात. २०१६ साली पुण्याला धोनीची नवी टीम आली, रायझिंग पुणे सुपरजायंट्स. त्याआधी एका लग्नात पंगतीला साडू माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "गहुंज्याच्या मैदानावरचे सातही सामने, दोन सीट, पैसे अर्धे अर्धे. तुम्ही फक्त हो म्हणा." मी म्हटलं, मला धोनीचा एक सामना बघायचाय, सात नाही. त्यावर सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमचे नाशिककर खिशात हात घालतात ते रुमाल काढायला!" सासरची मंडळी हसली. सासरवाडीत चारचौघांत असं झालं की जावई पैसे देतो. मी दिले, पण तेव्हाच सांगितलं होतं की याचा हिशेब बसणार नाही.

चिंचवडहून गहुंजे म्हणजे त्यांना चहा पिऊन निघायचं अंतर. मी तेव्हा नाशिकच्या सातपूरला कामाला. आमच्या कंपनीची सुट्टी शनिवारी, म्हणजे शुक्रवारचा सामना जमायचा, रविवारचा म्हटलं की रजा. सात सामन्यांचं वेळापत्रक काही माझ्या शिफ्ट बघून केलेलं नव्हतं.

२२ एप्रिल, शुक्रवार, बंगळूरविरुद्ध. अर्धा दिवस टाकून निघालो. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, इथपर्यंत गाडी छान पळाली. चाकणला नेमकी कंपन्या सुटायची वेळ. तळेगावकडे वळेपर्यंत जीव गेला. कोहली ८०, डिव्हिलियर्स ८३, आणि पुणं १३ धावांनी हरलं. बरं, पुण्याचं मैदान म्हणायचं आणि माझ्या आजूबाजूचे निम्मे लोक कोहलीच्या नावाने ओरडत होते. २४ तारखेला रविवार, कोलकात्याविरुद्ध. मी जाऊ शकलो नाही. माझ्या सीटवर साडूंचे साहेब बसले. माझ्या पैशात साहेबांची सरबराई, असो. कोलकाता २ गडी राखून जिंकलं.

२९ तारखेचा शुक्रवार मात्र मी विसरणार नाही. गुजरात लायन्सविरुद्ध स्टीव्ह स्मिथने ५४ चेंडूंत १०१ केल्या. टीव्हीवर आपल्याला चेंडू दिसतो. तिथे बसून दिसतं की गोलंदाज धावत यायच्या आधी हा गडी क्षेत्ररक्षणाकडे एकदा बघून घेतो आणि मग ऑफ स्टंपच्या बाहेर सरकून जिथे कोणी नाही तिथेच मारतो. १९५ करूनही पुणं शेवटच्या चेंडूवर हरलं. पार्किंगमधून गाडी निघेपर्यंत मध्यरात्र उलटलेली, तरी मी खूश होतो. साडूंना म्हटलं, भाऊ, हे एका तिकिटाचं सुख आहे, ते मला एका तिकिटातही मिळालं असतं. ते म्हणाले, "पास नसता तर तुम्ही आजच आला असता कशावरून?" याला काय उत्तर देणार! १ मे रोजी मुंबईविरुद्ध रोहित शर्मा नाबाद ८५, पुणं ८ गड्यांनी हरलं. म्हणजे पुण्यात झालेले चारही सामने पुणं हरलं.

आणि उरलेले तीन? तो दुष्काळाचा उन्हाळा होता. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं, आपल्याकडे रामकुंड कोरडं पडलं होतं. मैदानांवर मारायच्या पाण्यावरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायचा आदेश निघाला. १ मेचा तेवढा होऊ दिला. साडू म्हणाले, "मैदानाला असं लागतं किती पाणी?" मी म्हटलं, नाशिकला या, रामकुंडात चपला घालून उभे राहा, मग बोला. उरलेले तीन सामने विशाखापट्टणमला झाले. २१ मे रोजी पंजाबविरुद्ध शेवटच्या षटकात २३ हव्या असताना धोनीने अक्षर पटेलला शेवटच्या दोन चेंडूंवर दोन षटकार मारून सामना काढला. ज्या धोनीसाठी हा सगळा खटाटोप, त्याची ती ओव्हर मी घरी बनियनवर बसून फुकटात बघितली.

साडू आजही म्हणतात की दोघांना सारखंच पडलं. सारखं कसं? डिझेल माझं, अर्ध्या दिवसाची रजा माझी, चार तासांचं रात्रीचं ड्रायव्हिंग माझं. विशाखापट्टणमला गेलेल्या सामन्यांचे पैसे परत आले का, आले तर कोणाकडे आले, हे मेहुणीलाही माहीत नाही.

आता तुमच्या वानखेडेचं. सामना बहुतेक वेळा संध्याकाळी साडेसातला सुरू होतो, संपायला साडेअकरा. परतीची पंचवटी एक्सप्रेस संध्याकाळी सहाच्या सुमाराला सुटते, म्हणजे तुम्ही गेटवर रांगेत असताना ती निघून गेलेली असते. पंचवटीच्या पासाचंच बघा ना: रोज जावंच लागतं म्हणून लोक पास काढतात, पास काढलाय म्हणून कोणी रोज मुंबईला जात नाही. गाडीने म्हणाल तर जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, हे खरं. पण पुढे ठाणे आहेच, आणि पहाटे तीनला नाशिकच्या द्वारका चौकात पोहोचून सातची शिफ्ट कोण करणार? सातांतल्या किती तारखा तुमच्या सुट्टीला लागून येतात ते वेळापत्रक लागल्यावर मोजा. त्या तेवढ्यांची सुटी तिकिटं काढा, महाग पडली तरी.

कबड्डीचा पास सुचवणारेही भेटतील. २०२५ च्या प्रो कबड्डीचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाले. पुणेरी पलटण फायनलपर्यंत गेली, पण पुण्याच्या बालेवाडीत एकही सामना नाही. (विशाखापट्टणमचं आणि पुण्याच्या टीमचं काय नातं आहे कोण जाणे.)

बघायचंच असेल तर नाशिकच्याच हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी असते तेव्हा जा. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राने तिथे बडोद्याला ४३९ धावांनी हरवलं. चौकार गेला की चेंडू आणायला धावणाऱ्या पोराचा श्वासही ऐकू येतो, आणि घरी जेवायला जाऊन परत येता येतं.

एक मात्र कबूल: तुमचं सासर किंवा भाऊ दादर-परळला असेल, रात्री हक्काने टेकता येत असेल, तर माझं गणित तुम्हाला लागू नाही. चौघांत एक पास घेऊन तारखा आधीच वाटून घेतल्या तरी जमू शकतं. लहान पोरं असतील तर सवयीची जागा मिळते हाही फायदा आहे. फक्त नातेवाइकाबरोबर भागीत घेणार असाल तर डिझेल कोणाचं, सामना रद्द झाला तर पैसे कोणाच्या खात्यावर, आणि तुम्ही नसाल त्या दिवशी तुमच्या सीटवर कोण बसणार, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी नको.