कॅनॉलचं पाणी आल्यावर उसाचं रान पांढरं का पडतंय?

बेळगाव जिल्ह्यातल्या रायबागकडच्या भावानं विचारलंय, पाणी भरपूर असून ऊस पिवळा का, आणि मिठासारखा थर कुठून आला?

भरपूर पाणी हेच दुखणं आहे. घटप्रभा नदीवरचा धुपदाळचा बंधारा ब्रिटिशांच्या काळातला, नंतर त्याच नदीवर हिडकलचं धरण झालं. नदी अडवून पाणी कोरड्या रानात आणलं, पण मुरलेलं जादा पाणी बाहेर कसं जाणार, याचा विचार कमी झाला. आपल्या काळ्या जमिनीतून निचरा मुळातच हळू. पाट सोडून सोडून खालची पाणीपातळी वर येते. मग उन्हानं तेच पाणी मातीतल्या केसासारख्या बारीक वाटांनी वर खेचलं जातं, पाणी उडून जातं आणि क्षार वरच राहतात. तोच तुमचा पांढरा थर.

आधी माती तपासा. नुसती क्षारयुक्त असेल तर चर किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून, चांगल्या पाण्यानं क्षार धुऊन काढता येतात. चोपण असेल, म्हणजे सामू (pH) ८.५ च्या वर आणि सोडियम जास्त, तर जिप्सम, म्हणजे सोडियम हटवणारं कॅल्शियमचं खनिज, लागतं. तेही निचरा केल्यावरच. निचऱ्याशिवाय जिप्सम म्हणजे पैसे पाटात सोडणं. ताग-धैंचा हिरवळीचं खत म्हणून गाडा, ठिबक करा.

एकट्यानं चर मारून मात्र भागत नाही. पाणी खालच्या शेजाऱ्याच्या रानात उतरतं आणि बांधावर भांडण उभं राहतं. ओढ्यापर्यंतची वाट सगळ्यांनी मिळूनच काढावी लागते.