फळ घरचं, फ्रीझर घरचा, मग आईस्क्रीम दगड का होतं?

मागच्या अंकात विचारलं होतं की घरी आईस्क्रीम, कुल्फी, सॉर्बे (म्हणजे दुधाशिवाय नुसत्या फळाचं) करताना नक्की कुठे अडतं ते कळवा, तर इतके प्रश्न आलेत की सगळे या पानांत बसणं शक्य नाही, म्हणून जे पुन्हा पुन्हा विचारले गेलेत ते घेतलेत. वाचताना एवढं डोक्यात ठेवा की यातल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी पाणी आहे. फळातलं पाणी, दुधातलं पाणी. त्याचं काय करायचं हे कळलं की निम्मं काम झालं.

प्रश्न : आमच्याकडे दरवर्षी हापूसच्या दोन पेट्या येतात. आमरस, दूध, साखर मिक्सरला फिरवून डब्यात भरून फ्रीझरला ठेवते, पण दुसऱ्या दिवशी चमचा वाकतो एवढं घट्ट होतं आणि खाताना बर्फ कचकचतो. काय चुकतं? (एक वाचक, सांगली)

चव तर तुमची छानच असणार, हापूस आहे म्हटल्यावर, पण त्या मिश्रणात मोकळं पाणी खूप राहतंय. दूध म्हणजे बहुतेक पाणीच आणि आमरसातही पाणीच जास्त. फ्रीझरमध्ये गेल्यावर आधी पाण्याचा बर्फ होतो, साखर त्या बर्फात जात नाही, ती उरलेल्या पाण्यात राहते, ते पाणी पाकासारखं दाट होत जातं आणि शेवटपर्यंत पूर्ण गोठत नाही, म्हणूनच आईस्क्रीम चमच्याने काढता येतं. साखर कमी पडली की हा न गोठणारा भाग कमी पडतो आणि दगड होतो. आणि घरचा फ्रीझर असतो साधारण उणे १८ अंशांवर, त्यात खोल डबा ठेवला की मध्यापर्यंत गोठायला सहा-सात तास सहज जातात, जितकं सावकाश गोठेल तितके बर्फाचे खडे मोठे, तेच तुमच्या दाताखाली येतायत.

मी करते ते असं. अर्धा लिटर फुल क्रीम दूध (यात ६ टक्के फॅट असतं) निम्मं होईपर्यंत आटवायचं, त्यातच १०० ग्रॅम साखर आणि तीन चमचे दूध पावडर गुठळी न होऊ देता मिसळायची. अर्धा किलो आमरसातला निम्मा रस जाड बुडाच्या कढईत आठ-दहा मिनिटं आटवायचा, कोकणात आटवलेला रस करतात तसा पण एवढा घट्ट नाही, थोडा दाटसर झाला की बास. उरलेला निम्मा कच्चाच ठेवायचा कारण हापूसचा वास कच्च्या रसातच आहे, सगळा शिजवलात तर तो वास जातो. सगळं पूर्ण गार झालं की एकत्र करायचं, २०० मिली क्रीम घालायचं आणि रात्रभर फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही, साध्या फ्रीजमध्ये ठेवायचं. सकाळी चाखून बघा, जरा जास्तच गोड लागलं पाहिजे, कारण जीभ गार झाली की गोडी कमी कळते.

मग पसरट स्टीलच्या डब्यात दोन बोटं उंचीइतकंच भरायचं, प्लॅस्टिकपेक्षा स्टीलमध्ये लवकर गोठतं. दीड-दोन तासांनी कडा धरल्या की काढून मिक्सरमधून फिरवायचं, परत ठेवायचं, असं तीन वेळा. कंटाळा येतो हे मान्य पण हेच खरं काम आहे, दर वेळी खडे मोडतात आणि थोडी हवा आत जाते. शेवटच्या वेळी वरून प्लॅस्टिक अगदी चिकटवून लावा, मग झाकण.

दुकानात मिळणाऱ्या साध्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्क्यांच्या आसपास फॅट असतं, ते फेटून फुलत नाही, ते क्रीम खराब आहे असं समजून टाकून देऊ नका, असंच घाला. फेटायचंच असेल तर ३० टक्क्यांच्या वरचं व्हिपिंग क्रीम लागतं.

प्रश्न : अननसाचं आईस्क्रीम रात्री छान लागलं, दुसऱ्या दिवशी कडू. दूध नासकं होतं का? (एक वाचक, कोल्हापूर)

दूध चांगलंच होतं. कच्च्या अननसात ब्रोमेलिन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातल्या प्रोटीनचे तुकडे करतं आणि त्या तुकड्यांची चव कडू. कच्च्या अननसाची कोशिंबीर दह्यात कालवून ठेवली की थोड्या वेळाने कडसर होते ते याच्यामुळेच. कच्ची पपई आणि किवी यांचंही तसंच. आणि चहात किसलेलं कच्चं आलं थेट दुधात टाकलं की चहा फुटतो, म्हणून आधी पाण्यात आलं उकळून घ्यायचं असं आपल्या आया सांगतात ना, तोच प्रकार, आल्यातही असं एन्झाइम असतं आणि उकळलं की ते मरतं. तर अननसाच्या फोडी साखर घालून चांगल्या रटरटू द्या पाच-सात मिनिटं, गार करा, मगच दुधात. डब्यातला अननस आधीच उष्णता देऊन बंद केलेला असतो, तो तसाच चालतो. मला विचाराल तर अननसाला दूध नकोच, त्याचा सॉर्बे करा आणि त्यात मूठभर कोथिंबीर वाटून घाला, ऐकायला विचित्र वाटतं पण करून बघा, अननस आणि कोथिंबीर यांचं फार सुंदर जमतं.

प्रश्न : पुदिना, तुळस, गवती चहा घालून करायचंय. पुदिना दुधात उकळला तर रंग शेवाळासारखा झाला आणि चव गवतासारखी. (एक वाचक, ठाणे)

पुदिना उकळायचा नाही, हे पहिलं. नाजूक पानं आणि चिवट पानं असे दोन गट मनात करा म्हणजे सोपं जाईल.

नाजूक म्हणजे पुदिना, तुळस, सब्जाची पानं. अर्धा लिटर दूध वाफा येईपर्यंत तापवा, गॅस बंद, २५-३० पुदिन्याची पानं हाताने चुरडून टाका, झाकण ठेवा, वीस मिनिटांनी गाळून पानं घट्ट न पिळता टाकून द्या, पिळली की तो गवती कडवटपणा उतरतो. अशा दुधाला वास भरपूर येतो पण रंग पांढराच राहतो. हिरवा रंग हवाच असेल तर वेगळी मूठभर पानं उकळत्या पाण्यात मोजून पंधरा-वीस सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, साखरेबरोबर बारीक वाटा आणि गार मिश्रणात शेवटी घाला. बाटलीतला हिरवा रंग नको हो, एवढी ताजी जुडी दहा-वीस रुपयांत मिळत असताना.

तुळशीचा हात आखडता ठेवा, ती लवंगेसारखी लागते, आठ-दहा पानं पुष्कळ झाली. सब्जाचं झाड कुंडीत असेल तर त्याची पानं जास्त गोडसर वासाची असतात, बाहेर ज्याला स्वीट बेसिल म्हणतात ते हेच, आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीबरोबर तर ती इतकी छान लागतात की मी आता स्ट्रॉबेरी त्याच्याशिवाय करतच नाही.

गवती चहा मात्र चिवट. पाच-सहा पाती कापून, जरा ठेचून साखरेच्या पाकात पाच मिनिटं खुशाल उकळा. हा पाक शहाळ्याच्या पाण्यात मिसळून, कोवळी मलई बारीक चिरून घालून पेप्सीच्या कांडीसारखं गोठवा किंवा काडी लावून.

विड्याचं पान कच्चंच वाटायचं, गुलकंदाबरोबर, अर्धा लिटरला चार पानं.

प्रश्न : दुधाशिवाय नुसत्या फळाचं करायचं तर साखरेचं माप कसं ठरवायचं? प्रत्येक फळ वेगळं असतं. (एक वाचक, नाशिक)

फार चांगला प्रश्न. जांभूळ घेऊ. मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवलेल्या जांभळांचा अर्धा किलो गर, १५० ग्रॅम साखर, तेवढ्याच पाण्याचा पाक, अर्धं लिंबू, चिमूट मीठ. पण तुमची जांभळं माझ्यापेक्षा आंबट असतील, तर जुनी युक्ती अशी की अख्खं कच्चं अंडं कवचासकट स्वच्छ धुऊन मिश्रणात सोडायचं. बुडालं तर साखर कमी. वर येऊन रुपयाच्या नाण्याएवढं कवच बाहेर दिसलं तर बरोबर. त्याहून जास्त बाहेर आलं तर पाणी वाढवा. साखरेने मिश्रण जड होतं म्हणून अंडं तरंगतं, बाकी त्यात काही नाही. अंडं चालत नसेल तर चव घेऊन ठरवा, सरबतापेक्षा चांगलंच गोड हवं. हेच माप मे महिन्यात ताज्या रातांब्यांना (म्हणजे कोकमाच्या फळांना), करवंदांना लावा. कोकम आगळ वापरणार असाल तर त्यात मीठ असतं, आमसुलातही असतं, सॉर्बेला बिनमिठाचं किंवा ताजं फळच घ्या.

प्रश्न : सीताफळाचा गर काढता काढता जीव जातो. मिक्सरला बियांसकट फिरवून गाळलं तर? (एक वाचक, बीड)

नका करू, अजिबात नका करू. सीताफळाच्या बिया विषारी असतात, त्यांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होऊ शकते. गर पातेल्यात घेऊन हाताने रवीने किंवा व्हिस्कने घुसळा, बिया सुट्या होतात, मग मोठ्या भोकांच्या चाळणीवर दाबा. आणि सीताफळ शिजवायचं नाही, गरम केलं की कडवट होतं. दूध आटवून पूर्ण गार, फ्रीजमधलं गार, मग गर. तो रवाळपणा राहू दे, तीच तर त्याची मजा आहे. वेलची-केशर काही घालू नका, सीताफळाला स्वतःचा वास पुरेसा असतो.

प्रश्न : वडिलांना डायबेटिस आहे. शुगर फ्री गोळ्या घालून केलं तर खिळा ठोकता येईल एवढं कडक झालं. (एक वाचक, नागपूर)

वर सांगितलं तसं साखर फक्त गोडीचं काम करत नाही, मऊपणा तीच देते, आणि गोळीत तेवढा ऐवजच नसतो. मग मऊपणा दुसरीकडून आणायचा. श्रीखंडाला बांधतो तसा घट्ट चक्का अर्धा किलो, दोन पेरूंचा बिया काढलेला गर, भिजवलेल्या काजूची दोन चमचे पेस्ट, चिमूट मीठ, वरून तिखट-मीठ. चक्क्यातलं पाणी आधीच निथळून गेलेलं असतं म्हणून बर्फ कमी धरतो. खायच्या आधी पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवा. पण फळाची साखर ती साखरच, तेव्हा बर्फाच्या ट्रेमध्ये लावून एका वेळी दोन घास, आणि किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, ते मी सांगणं बरोबर नाही.

प्रश्न : पाकिटावर फ्रोझन डेझर्ट लिहिलेलं असतं, ते आईस्क्रीमच ना? (एक वाचक, औरंगाबाद)

नाही. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे साध्या आईस्क्रीममध्ये कमीत कमी १० टक्के दुधाचं फॅट लागतं, फ्रोझन डेझर्टमध्ये त्याच्या जागी वनस्पती तेल किंवा वनस्पती फॅट असतं. मुलांना देताना मागची बारीक अक्षरं वाचा.

प्रश्न : इंग्लंडमध्ये राहते. हापूसच्या टिनची कुल्फी लोण्यासारखी चिकट होते, टाळूला थर बसतो. (एक वाचक, लेस्टर)

तिकडचं डबल क्रीम ४८ टक्के फॅटचं असतं, आपल्या क्रीमच्या जवळजवळ दुप्पट! इकडच्या रेसिपीतलं माप तसंच घेतलंत तर लोणीच खाल्ल्यासारखं होणार. निम्मं क्रीम, निम्मं दूध करा. टिनवर साखर घातलेली आहे का तेही बघा, बहुतेकांत असते. आणि मनापासून सांगते, टिनच्या मागे नका लागू वर्षभर. जूनमध्ये तिथली स्ट्रॉबेरी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुंपणावरच्या ब्लॅकबेरी, त्या आपल्या करवंदांची आठवण देतात, त्यांचा सॉर्बे करा, अंगणातला पुदिना घाला. ऱ्हुबार्बही शिजवून सुंदर होतं, फक्त त्याचे देठच घ्यायचे, पानं विषारी असतात.

प्रश्न : आजोबांचा हाताने फिरवायचा लाकडी पॉट माळ्यावर सापडलाय. वापरता येईल का, मीठ किती घालायचं? (एक वाचक, पुणे)

केवढा आनंद झाला हे वाचून. आधी आतलं भांडं तपासा, कलई गेलेली किंवा गंज असेल तर ते बदलून घ्या किंवा कलई करून घ्या, त्याशिवाय नको. लाकडी बादली आदल्या दिवशी पाण्याने भरून ठेवा म्हणजे फळ्या फुगून फटी बुजतात. हँडलचा हा पॉट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ साली पेटंट केला, आणि त्यातलं तत्त्व आजही तेच आहे.

बर्फात मीठ पडलं की बर्फ वितळायला लागतो आणि वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूने, म्हणजे तुमच्या दुधातून ओढून घेतो. नुसता बर्फ शून्यावर असतो, मीठ घातल्यावर तो अगदी उणे २१ पर्यंत जाऊ शकतो, घरी उणे दहा-बारा मिळालं तरी खूप. वजनाने चार भाग बर्फ, एक भाग जाडं मीठ. बर्फ गोणपाटात घालून सुपारीएवढा फोडायचा, एक थर बर्फ, एक मूठ मीठ, असं वरपर्यंत. आमच्याकडे मे महिन्यात कारखान्यातून बर्फाची लादी भुशात गुंडाळून यायची आणि सगळी भावंडं पाळीपाळीने हँडल फिरवायची, जड व्हायला लागलं की मोठ्या मामाकडे द्यायचं.

मिश्रण फ्रीजमधून गार करूनच ओता आणि भांडं दोन तृतीयांशच भरा, हवा जाऊन फुगतं. सुरुवातीला सावकाश, मग न थांबता, वीस ते तीस मिनिटं. फळाचे तुकडे शेवटच्या पाच मिनिटांत, आधी घातले तर पातीत अडकतात. खारं पाणी जायचं भोक बादलीला असतं ते मोकळं आहे ना बघत राहा. हँडल फिरेना झालं की थांबा, आणि झाकण उघडण्याआधी कडेचा बर्फ झाकणाच्या खालपर्यंत उतरवून ओल्या फडक्याने झाकण नीट पुसून घ्या, नाहीतर पहिल्याच क्षणाला मिठाचं पाणी आत जाईल.