वास उडत नाही, नाक झोपतं

‘तासाभरात वास गायब होतो’ आणि ‘शेजारचा सहकारी खुर्ची सरकवून बसतो’, ही दोन वाक्यं तेर द’एर्मेस या परफ्युमबद्दलच्या तुमच्या तक्रारीत एकत्र वाचली आणि निदान तिथंच झालं. बाटली बहुधा नकली नाही आणि तुमची कातडी वास ‘पीत’ही नाही. तुमचं नाक झोपलंय. रोज सहा फवारे मारताय ते उद्यापासून दोनवर आणा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

(मी परफ्युमर नाही, रसायनशास्त्रातला पदवीधरही नाही. दमा, अर्धशिशी किंवा त्वचेची ॲलर्जी असेल तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारा.)

अगरबत्तीच्या दुकानात दिवसभर बसणाऱ्याला अगरबत्तीचा वास येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही घेतलेल्या तेर द’एर्मेसमध्ये (दुकानात ‘टेरे डी हर्मीस’ म्हटलंत तरी तेच देतील) त्याच्या जोडीला आणखी एक भानगड आहे. २००६ साली परफ्युमर जाँ-क्लोद एलेना यांनी ते बांधलं, तेव्हा त्यात ‘आयसो ई सुपर’ हा कृत्रिम घटक सढळ हातानं घातला. वास मऊ, कोरडा, सीडरच्या लाकडाकडे झुकणारा. त्याची खोड अशी की तो मध्येच येतो, मध्येच जातो आणि काही लोकांना जवळजवळ येतच नाही. खात्री करायची तर एखाद्या मोठ्या दुकानात ‘मॉलिक्यूल ०१’ या परफ्युमचा टेस्टर हुंगा. त्यात सुगंध म्हणून हा एकच घटक आहे. तुम्हाला नुसतं स्पिरिट जाणवलं आणि बरोबरच्या माणसानं ‘छान आहे की’ म्हटलं, तर उत्तर मिळालं.

आता खरी चूक. वास येईनासा झाला की माणूस पुन्हा फवारतो. पहिल्या वीस मिनिटांत संत्रं, ग्रेपफ्रूट आणि मिरी जोरात येतात, नंतर ती विरतात आणि खाली सीडर, वाळा, पॅचौली उरते. आपलं नाक नेमकं त्याच तळाला सरावलेलं असतं. म्हणून वाटतं, संपलं. दुपारी दोन फवारे वाढवले की वरचं संत्रं पुन्हा पंधरा-वीस मिनिटं येतं, आपण खूश. पण तळाचं लाकूड मात्र दुप्पट होऊन बसलेलं असतं, आणि ते फक्त इतरांना कळतं. एसी ऑफिसात तीच हवा फिरत राहते, त्यामुळे खुर्ची सरकते. माझंही याच चुकीनं सगळ्यात जास्त नुकसान झालं, आणि त्यावर एका दुकानात सल्ला मिळाला तो असा: ‘सर, तुमची स्किन ड्राय आहे, स्ट्राँगवाली घ्या.’ दुसरी बाटली गळ्यात मारली. नाक थकलंय का, हा प्रश्न काउंटरपलीकडून कधीच येत नाही, कारण त्या प्रश्नानं बाटली विकली जात नाही. असो.

तसाच सल्ला तुम्हालाही मिळेल, म्हणून सांगून ठेवतो. तेर द’एर्मेसचंच २००९चं ‘पार्फम’ ही त्याच वासाची जास्त जोरदार आवृत्ती नव्हे. त्यात संत्रं कमी, माती-लाकूड जास्त. ‘पार्फम’ लिहिलेली बाटली बरेचदा अंगालगत राहते, लांब पसरत नाही. २०१८चं ‘ओ इन्टेन्स व्हेटिव्हर’ तर दुसऱ्या परफ्युमरचं, क्रिस्तीन नाजेल यांचं, वेगळंच प्रकरण. आवडलं तर जरूर घ्या, पण ‘टिकत नाही’ यावरचा इलाज म्हणून नको.

इलाजाआधी शर्टावरून खात्री करून पाहा. सकाळी आंघोळीनंतर अंग कोरडं करून एक फवारा छातीवर, एक कोपराच्या आतल्या बाजूला, कपडे घालण्याआधी. गळ्याला, हनुवटीखाली अजिबात नको. नाकाच्या थेट खाली वास ठेवला तर नाक लवकर झोपणारच. दिवसभर मनगट हुंगत बसू नका. संध्याकाळी शर्ट काढून स्वच्छ पॉलिथिनच्या पिशवीत घाला, तोंड बांधा. दुसऱ्या दिवशी, अंगाला काहीही लावण्याआधी, पिशवी उघडा. वाळा आणि सीडर तोंडावर आला तर परफ्युमला दोष देऊ नका. शिवाय दुपारी एका भिडस्त नसलेल्या सहकाऱ्याला विचारा: किती हातांवरून वास येतो? ऑफिसात एका हाताच्या अंतरावर आला तर पुरे.

कॉफीच्या बिया हुंगून नाक ‘रिसेट’ होतं वगैरे सोडून द्या. मोकळ्या हवेत दहा मिनिटं फिरा. आणि आठवड्यातले दोन दिवस हे परफ्युम लावूच नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न: ‘लाकडी सुगंध लावणारा पुरुष शांत, भरवशाचा, मोजकं बोलणारा’ असं वर्णन वाचून घेतलं, ते खोटं का? माझ्या मते बाटलीत स्वभाव नसतो, पण ही प्रतिमा अगदीच हवेतून आलेली नाही. लिंबू-संत्र्याच्या वासातला लिमोनीन दहा कार्बनचा हलका रेणू, पटकन पसार होतो. चंदनातला सँटॅलॉल, सीडरमधला सेड्रॉल पंधरा कार्बनचे. ते हळू उडतात, तासन्‌तास एका सुरात राहतात. वासाला घाई नाही, म्हणून लावणाऱ्यालाही नसणार, एवढाच तो तर्क. सहा फवाऱ्यांत तोच शांत माणूस लिफ्टमध्ये अरेरावी करू लागतो. लोक तुमच्याबद्दल जे मत बनवतात ते लाकडाच्या जातीपेक्षा मात्रेवरून.

जात निवडायची असेल तर वर्णनं वाचण्यापेक्षा कच्चा माल हुंगा. काष्ठौषधीच्या दुकानातून वाळ्याची छोटी जुडी आणा, आधी कोरडी, मग भिजवून. कोरडी धुरकट-मातकट, ओली हिरवी आणि गार. तेर द’एर्मेसमधला वाळा कोरड्याच्या जवळचा. गंमत म्हणजे वाळा हे गवताचं मूळ आणि पॅचौली हे पान (आपल्या वेण्यांत घालतात ती ‘पाच’ ही सुवासिक पानं तिच्याच भावकीतली), तरी परफ्युमवाले दोन्ही लाकडात मोजतात. सीडरसाठी जुन्या विलायती पेन्सिलीला टोक करताना येणारा वास आठवा. तो व्हर्जिनिया सीडर, जो वनस्पतिशास्त्रात जुनिपर निघतो. चंदनासाठी घरात सहाण-खोड असेल तर उगाळून बघा. खरं चंदन सौम्य, दुधाळ असतं. अगरबत्तीतल्या ‘चंदना’ची अपेक्षा ठेवून अस्सल चंदनाचं परफ्युम घेतलं तर फसल्यासारखं वाटतं, ही तक्रार दर महिन्याला वाचतो.

पुढच्या वेळी शंभर मिलीवर उडी मारू नका. एक फवारा साधारण ०.१ मिली, म्हणजे पाच मिलीच्या डिकँटमध्ये (मोठ्या बाटलीतून भरून दिलेल्या छोट्या कुपीत) पन्नासेक फवारे. दिवसाला दोन धरले तर तीन आठवडे सहज जातात. एवढ्यात उकाडा, पाऊस, एसी सगळं अनुभवून होतं. कागदी पट्टीवर फक्त नकार ठरवावा, होकार कातडीवर, चार तासांनी. कातडी खरंच कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा; खोबरेल नको, त्याचा स्वतःचा वास असतो. पांढऱ्या शर्टावर थेट फवारू नका, डाग पडू शकतो. बाटली बाथरूममध्ये किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

पिशवीतल्या शर्टाला सकाळी काहीच वास नसेल, आणि दुपारी सहकाऱ्यालाही आला नसेल, तर माझं निदान चुकलं. मग बिल, खोका आणि बाटली घेऊन विक्रेत्याकडे जा आणि बॅच कोड (उत्पादनाच्या तुकडीचा क्रमांक) ताडून बघा. खोक्यावरचा आणि बाटलीच्या बुडाचा कोड जुळला नाही तर सरळ पैसे परत मागा. जुळला तरी माल अस्सल असल्याचा तो पुरावा नाही, कोड नकली माल विकणारेही छापतात.