मेनूत नाव का येत नाही?

प्रश्न : राजारामपुरीत माझं फ्लेक्स-डीटीपीचं दुकान आहे. कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकलीय. फोटोचं काम करायचं गिम्प सॉफ्टवेअर मॅनेजरमधनं घेतलं तर लगेच मेनूत आलं, पण मंडळाला देखाव्याचं डिझाईन दाखवायला ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर ब्लेंडरच्याच साइटवरनं उतरवलं, फाईल उलगडली, चालतंय झकास, पण मेनूत काय दिसत नाही. दरवेळी फोल्डर उघडत बसायचं का?

उत्तर : नाही ओ. तुम्ही तर बोर्डाच्याच धंद्यातले, दुकान थाटलं पण बोर्ड लावला नाही असं झालंय बघा. लिनक्सचा मेनू कॉम्प्युटरभर प्रोग्रॅम शोधत फिरत नाही, तो ठरलेल्या दोन-चार फोल्डरांतल्या डॉट डेस्कटॉप नावाच्या छोट्या फायली वाचतो, आणि गिम्पच्या पॅकेजनं ती फाईल आपली आपण तिथं ठेवली म्हणून ते दिसलं. पूर्वी ह्यात पण भानगड होती, मिंट ज्याच्या पायावर उभं आहे त्या डेबियन लिनक्सची मेनूची स्वतःची वेगळी पद्धत होती, 2015 साली त्यांनी ठरवलं की डॉट डेस्कटॉप फाईल असली की जुनी मेनू फाईल नको.

आता ब्लेंडरच्या फोल्डरात ही फाईल आयती असते. ती उचलून होममधल्या डॉट लोकल, त्यात शेअर, त्यात ॲप्लिकेशन्स, इथं टाका. डॉट लोकल दिसत नसेल तर कंट्रोल एच दाबा, लपलेलं असतं. पण नुसतं टाकून भागत नाही, कारण आत एक्झेकच्या ओळीत, म्हणजे कुठला प्रोग्रॅम चालवायचा ते सांगणाऱ्या ओळीत, पत्ता नसतो, नुसतं 'ब्लेंडर' हे नाव असतं आणि त्या नावाचा प्रोग्रॅम सिस्टीमला सापडला नाही की बऱ्याचदा मेनू ती फाईल सरळ गाळतो, एरर नाही की काय नाही. म्हणून त्या नावाच्या जागी स्लॅश होमपासनं पूर्ण पत्ता लिहा, आयकॉनच्या ओळीत पण तसंच. होमसाठी टिल्डचं (~) चिन्ह वापरू नका, टर्मिनलात चालतं पण इथं चालत नाही, माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेलीय. पत्त्यात स्पेस असली तर एक्झेकमधला पत्ता डबल कोटात घाला. सेव्ह केलं की बहुतेक लगेच दिसतं, नाहीतर एकदा लॉगआऊट.

आणि फोल्डरच्या नावात व्हर्जनचा आकडा असतो तो काढून नुसतं ब्लेंडर ठेवा, पत्ता लिहायच्या आधीच. नाहीतर नवीन व्हर्जन आलं की फोल्डरचं नाव बदलणार, आणि मंडळाची पोरं दुकानात येऊन बसलेली असताना मेनूतनं ब्लेंडर गायब.